दहावा कुठे गेला? (पंचदशी, तृप्तिदीप)

गेला आठवडाभर आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं वाचतोय. चौपन्नाव्या श्लोकात अर्जुन विचारतो की असा माणूस ओळखायचा कसा, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. पंचावन्नाव्यात भगवंत उत्तराला सुरुवात करतात: मनातल्या सगळ्या कामना जो सोडून देतो आणि आपल्याच ठिकाणी, आपणच संतुष्ट असतो, तो स्थितप्रज्ञ.

वाचायला छान वाटतं. पण आपल्याच ठिकाणी संतुष्ट व्हायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं? हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला. मलाही तो अनेक वर्षं पडलेला होता. म्हणून आज गीता थोडी बाजूला ठेवू आणि एक गोष्ट वाचू. ती पंचदशीत आहे.

आधी एक कबुली

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा मेन्सचा निकाल लागला. तो चार वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. कॉट बेसिसवरची खोली, महिन्याची मेस, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. तिसरा प्रयत्न होता. दीड मार्काने त्याचं नाव यादीत आलं नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राचं आलं.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला नाही, मेसेज पाठवला. 'जे आहे त्यात समाधान मान. आईबाबा आहेत, तब्येत चांगली आहे, डोक्यावर छप्पर आहे. बाकीचं देवावर सोड.' खाली जोडलेले हात. त्याचं उत्तर आलं, 'ठीक.'

मला वाटलं, झालं, धीर दिला. रोज पोथी वाचणारी ताई आणखी काय करणार!

बरोबर अकरा दिवसांनी रात्री दीड वाजता त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुझ्याकडे नोकरी आहे म्हणून तुला समाधान सुचतं. माझ्याकडे मोजायला आहे काय? वय गेलं, बाबांचे पैसे गेले, बरोबरचे पुढे गेले. मी संपलोय गं."

मी हादरले. पहाटेची पहिली बस पकडून पुण्याला गेले. दिवसभर आम्ही दोघं फिरलो, चहा प्यायलो, मेसमध्ये जेवलो, संध्याकाळी झेड ब्रिजवर जाऊन बसलो. मी एक शब्दही उपदेश केला नाही. खरं सांगते, करायला उरलाच नव्हता. इतक्या वर्षांत जे वाचलं होतं त्यातलं त्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, हे मला त्या पुलावर कळलं. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. मी त्याला जे समाधान मानायला सांगत होते, ते माझ्याकडे तरी कुठे होतं? त्याच महिन्यात माझं अप्रेझल मनासारखं झालं नव्हतं आणि मी रोज रात्री मैत्रिणींचे परदेशातले फोटो बघत झोपत होते.

घरी परतल्यावर मी तृप्तिदीप उघडला.

हा ग्रंथ कोणता?

पंचदशी हा १४ व्या शतकातला वेदान्ताचा ग्रंथ. विद्यारण्य स्वामींच्या नावाने तो ओळखला जातो. नावाप्रमाणे त्यात १५ प्रकरणं आहेत आणि ती पाच-पाचच्या तीन गटांत मांडलेली आहेत: विवेक, दीप आणि आनंद. सातवं प्रकरण तृप्तिदीप, म्हणजे तृप्तीवर उजेड पाडणारा दिवा. हे संपूर्ण प्रकरण बृहदारण्यक उपनिषदातल्या एकाच मंत्राचा अर्थ उलगडण्यासाठी लिहिलं आहे. त्या मंत्राचा आशय साध्या मराठीत असा: 'हा आत्मा म्हणजे मीच' हे माणसाला एकदा उमगलं, की मग कशाच्या इच्छेने आणि कुणासाठी तो शरीरामागे स्वतःला तापवून घेईल?

तापवून घेणं. मूळ मंत्रातल्या क्रियापदात ज्वर आहे. शरीराला ताप आला की क्रोसीन घेतो. मनाला ताप येतो तेव्हा आपण म्हणतो, 'मी तापलो.' निकालाची यादी लागते आणि अंगात ताप नसताना अंग तापतं. हा अनुभव तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

गोष्ट

दहा जण नदी ओलांडून पलीकडे जातात. पाण्याला ओढ असते. काठावर पोचल्यावर त्यातला एक म्हणतो, सगळे आले ना, मोजू या. तो मोजतो: एक, दोन, तीन... नऊ. एक कमी! दुसरा म्हणतो, थांब, मी मोजतो. तोही नऊ. प्रत्येक जण समोरच्यांना मोजतो आणि स्वतःला विसरतो. शेवटी सगळ्यांची खात्री पटते की दहावा वाहून गेला. मग रडारड सुरू होते. डोकी आपटून घेणं सुरू होतं.

तेवढ्यात एक वाटसरू येतो. तो बघतो, दहा माणसं दहाव्यासाठी रडताहेत. तो म्हणतो, "अहो, दहावा आहे. मेलेला नाही." त्यांना थोडा धीर येतो. मग तो म्हणतो, "पुन्हा मोजा पाहू." एक जण नऊपर्यंत मोजतो आणि थांबतो. वाटसरू त्याच्याकडे बोट करून म्हणतो, "आणि दहावा तू."

संपली गोष्ट. शंकराचार्यांनीही हा दृष्टान्त उपदेशसाहस्रीत वापरला आहे, इतका तो वेदान्तात मुरलेला आहे. आपल्याकडे 'काखेत कळसा गावाला वळसा' म्हणतात, ते इथे लगेच आठवतं. पण एक फरक आहे. म्हणीतली बाई कळशीपेक्षा वेगळी आहे. ती कळशी विसरू शकते, उद्या खरोखर हरवूही शकते. या गोष्टीत मात्र शोधणाराच हरवलेला आहे. त्यामुळे त्याला दहावा 'मिळत' नाही. तो आधीपासून होताच, फक्त मोजणीत आला नव्हता.

वाटसरूने काय केलं नाही

ही गोष्ट मी आधी पाच-सहा वेळा वाचली होती. त्या रात्री वाचताना पहिल्यांदा एक गोष्ट खटकन लक्षात आली. वाटसरू त्यांना असं म्हणाला नाही की 'अहो, नऊ जण तर वाचलात ना, त्यात समाधान माना.'

मी माझ्या भावाला नेमकं हेच म्हणाले होते. नऊ मोजून दाखवले होते: आईबाबा, तब्येत, छप्पर. ज्याला वाटतंय की आपला एक माणूस बुडाला, त्याच्यासमोर उरलेल्या नऊ जणांची यादी वाचणं म्हणजे धीर देणं नव्हे. त्याला ऐकू येतं ते एवढंच, की तुझं दुःख मोठं नाही, गप्प बस.

आपण समाधान हा शब्द फार स्वस्त केलाय. मनात आग आहे आणि तोंडाने 'मी समाधानी आहे' म्हणायचं, हे समाधान नाही. ती हार आहे, तिला अध्यात्माचं कव्हर घातलेलं. नऊवर तडजोड करायला उपनिषद सांगत नाही. ते म्हणतं, तू पुन्हा मोज, तुझी मोजणी चुकली आहे, कमी काही नाहीच.

वाटसरूने आणखी एक गोष्ट केली, जी मी केली नव्हती. तो थांबला. स्वतःच्या वाटेने चाललेला माणूस, रडणाऱ्यांपाशी थांबला. उपदेश त्यानंतर आला. तुमच्या जवळचं कुणी असं काठावर रडत असेल तर आधी तिथे जा. त्याच्या शेजारी बसा. गरज वाटली तर समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे घेऊन जा. पंचदशी नंतरही वाचता येते.

सात अवस्था

विद्यारण्य या गोष्टीतून जीवाच्या सात अवस्था दाखवतात. एकेक पाहू.

पहिली अज्ञान. दहावा मी आहे हे माहीतच नाही. दुसरी आवरण. माहीत नाही म्हणून आपण म्हणतो, 'दहावा दिसत नाही, दहावा नाहीच.' तिसरी विक्षेप. नाही असं ठरलं म्हणून रडणं, डोकं आपटणं.

इथे क्रम नीट बघा. दुःख तिसऱ्या पायरीवर आहे. आपण सगळे उपाय मात्र तिसऱ्या पायरीवर करतो. रडू येतंय तर गाणी लाव, ट्रिपला जा, रील बघ, काहीतरी मागव. चूक नाही त्यात. पण पहिली पायरी तशीच राहते, म्हणून रडू परत येतं.

आपल्या बाबतीत या तीन पायऱ्या कशा दिसतात? मी कोण, हे मला माहीत नाही. म्हणून मी स्वतःला जे समोर दिसतं त्यावरून मोजते: पगार, पद, मार्क, दिसणं, कोण काय म्हणालं. या मोजणीत जे येतं ते सगळं समोरचं आहे. मोजणारी त्यात नाहीच. मग बेरीज कायम एकने कमी येते. आणि ती कमी भरून काढायला मी आणखी समोरच्याच गोष्टी गोळा करते. नऊचे दहा करायला अकरावा माणूस शेजारच्या गावातून आणला, तरी दहाव्याचं रडू थांबेल का?

माझा भाऊ म्हणाला होता, "मी संपलोय." नंतर कधीतरी, बऱ्याच दिवसांनी, आम्ही दोघं हेच वाक्य घेऊन बसलो. प्रयत्न संपला हे ज्याला कळलं, तो संपला का? मार्क दीडने कमी पडले हे बघणारा दीडने कमी झाला का? चौथीत असताना स्कॉलरशिप मिळाली तेव्हा आनंद बघणारा जो होता, तोच आज दुःख बघतोय. मधल्या काळात शरीर बदललं, आवाज बदलला, मतं बदलली, शहर बदललं. बघणारा बदलला का? वेदान्त त्या बघणाऱ्याला कूटस्थ म्हणतो. कूट म्हणजे ऐरण. लोहाराच्या ऐरणीवर विळे, कोयते, नांगराचे फाळ घडतात, ठोके पडत राहतात, ऐरण तशीच असते.

चौथी अवस्था परोक्ष ज्ञान. विश्वासू माणसाने सांगितलं, 'दहावा आहे.' अजून दिसलेला नाही, पण शब्दावर विश्वास बसला. आपण ग्रंथ वाचतो, कीर्तन ऐकतो, गुरूंच्या पायाशी बसतो, ते या पायरीसाठी. तिला कमी समजू नका. या एका वाक्याने डोकं आपटणं थांबतं आणि पुन्हा मोजायला बळ येतं. तुम्ही आणि मी, आपण बहुतेक इथे आहोत.

पाचवी अपरोक्ष ज्ञान. 'दहावा मीच.' इथे नवीन माहिती काही मिळत नाही. बोट फक्त वळतं. जे इतका वेळ बाहेर रोखलेलं होतं ते मोजणाऱ्याकडे वळतं. सहावी शोकनिवृत्ती, रडू थांबतं. आणि सातवी तृप्ती.

क्रम पुन्हा लक्षात घ्या. तृप्ती सातवी आहे, अगदी शेवटी. ती आधी आणायचा प्रयत्न केला की सोंग होतं. माझ्या मेसेजची चूक हीच होती. मी भावाला तिसऱ्या पायरीवरून उचलून सरळ सातव्या पायरीवर ठेवायला निघाले होते, मधल्या तीन पायऱ्या वगळून.

अंकुश असलेली आणि नसलेली तृप्ती

विद्यारण्य तृप्तीचे दोन प्रकार सांगतात. विषयांमधून मिळते ती सांकुश, म्हणजे जिच्या डोक्यावर अंकुश आहे ती. ज्ञानातून येते ती निरंकुश. माहूत हत्तीला अंकुश टोचतो आणि हत्ती निघतो. आपलंही तसंच. नवीन फोन घेतला, दोन महिने तृप्ती, मग पुढचं मॉडेल येतं आणि टोचणी सुरू. फ्लॅटचा ताबा मिळाला, गृहप्रवेश झाला, मग शेजारच्या टॉवरमध्ये मोठी बाल्कनी दिसली. वस्तू वाईट नाही. आनंदही खोटा नव्हता. फक्त त्याच्यावर अंकुश धरून कुणीतरी बसलेलं असतं.

तैत्तिरीय उपनिषदाने याचा हिशेबच मांडून दाखवला आहे. ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचं माप घेतलं आहे. माप असं धरलं: एक तरुण, चांगला, शिकलेला, धडधाकट, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. हा एक माणुसकीचा आनंद. याच्या १०० पट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या १०० पट देवगंधर्वाचा, मग पितर, मग देवांचे प्रकार, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, आणि शेवटी ब्रह्म. दहा वेळा शंभरने गुणाकार. एकावर २० शून्यं! आपल्या पॅकेजचा आकडा यापुढे अगदीच किरकोळ.

पण खरी गंमत पुढे आहे. गंधर्वापासून वरच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद एक पुस्ती जोडतं, की हाच आनंद वेद जाणणाऱ्या आणि कामनेचा मार न लागलेल्या माणसाचाही आहे. दहा पायऱ्या, दहा वेळा तीच पुस्ती. इंद्राला जे मिळायला इंद्र व्हावं लागलं, ते या माणसाला जागेवर बसून आहे. शिडी चढायची आणि टोकाला पोचल्यावर सुख, असा हा हिशेब नाही. ज्याची टोचणी थांबली, त्याला प्रत्येक पायरी सारखीच.

गीता दुसऱ्या अध्यायाच्या सत्तराव्या श्लोकात यालाच समुद्र म्हणते. नद्यांचं पाणी चहूकडून येतं, समुद्र भरलेलाच असतो, जागचा हलत नाही. पावसाळ्यात तो ओसंडत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. आपण मात्र ओढ्यासारखे. पगाराच्या दिवशी पूर, वीस तारखेला खडखडाट.

मग अभ्यास सोडायचा का?

हा प्रश्न भावाने विचारला. तुम्हीही विचाराल. "मी पूर्णच आहे तर परीक्षा कशाला द्यायची? नोकरी कशाला करायची?"

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन श्लोक जवळजवळ आहेत, ते एकत्र वाचा. सतराव्यात सांगितलंय की जो आपल्या ठिकाणीच रमतो, तृप्त असतो, त्याला करायलाच हवं असं काही उरत नाही. आणि बाविसाव्यात भगवंत स्वतःबद्दल सांगतात की मला तिन्ही लोकांत मिळवायचं काही राहिलेलं नाही, तरी मी कर्म करतोच आहे. हे सांगणारा त्या वेळी घोड्यांचे लगाम धरून रथावर बसलेला आहे. तृप्त माणूस रिकामा बसतो असं गीतेत तरी कुठे दिसत नाही.

फरक पडतो तो कामाच्या मागच्या ढकलणीत. एक जण परीक्षा देतो कारण पास झालो तरच मी कुणीतरी. दुसरा देतो कारण हे काम त्याला करायचंय, त्याची ताकद तिथे लागतेय. अभ्यास दोघांचा सारखा, दहा तास. पण पहिल्याचा प्रत्येक पेपर हा त्याच्या असण्याचाच निकाल असतो. दुसऱ्याचा पेपर फक्त पेपर असतो. निकाल विरुद्ध गेला तर दुःख दुसऱ्यालाही होईल. पण तो बुडणार नाही.

योगसूत्रांत पतंजलींनी संतोष हा पाच नियमांपैकी एक सांगितला आहे: शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. संतोषाच्या शेजारी तप आहे, हे विसरू नका. दोघं एकाच घरात राहतात. संतोष म्हणजे रोज करायचा अभ्यास, जसं सूर्यनमस्कार. तृप्ती म्हणजे ज्ञानाचं फळ. अभ्यास आपल्या हातात आहे. फळ पिकलं की पडतं.

डोक्यावरची जखम

आता तृप्तिदीपातली माझी सगळ्यात आवडती जागा. गोष्ट 'दहावा तू' इथे संपते असं आपल्याला वाटतं. विद्यारण्य पुढे जाऊन पुन्हा त्या माणसाकडे वळून बघतात. त्याने रडताना डोकं आपटून घेतलं होतं ना? जखम झाली होती. आता दहावा सापडला, रडू त्या क्षणी थांबलं. पण जखम? ती काही त्या क्षणी भरत नाही. ती हळूहळू, महिनाभराने बरी होते. तोवर दुखतेच. फक्त दहावा जिवंत आहे या आनंदापुढे तो ते दुखणं सोसून नेतो.

हे वाचलं आणि मला रडू आलं. सातशे वर्षांपूर्वी एक संन्यासी अद्वैताचा ग्रंथ लिहितोय, आत्मा अखंड, पूर्ण, निर्लेप असं सांगतोय, आणि मधेच थांबून त्या माणसाच्या कपाळावरच्या जखमेची चौकशी करतोय. ज्ञान झालं तरी दुखू शकतं, आणि दुखतंय म्हणजे ज्ञान खोटं असं नाही, हे त्याने लिहून ठेवलंय. शास्त्र त्याला प्रारब्ध म्हणतं. सुटलेला बाण जाईल तिथवर जाणारच.

आपल्याला अध्यात्म करताना एक अपराधी भाव छळतो. 'इतकं वाचते, रोज नाम घेते, तरी मला राग का येतो? तरी मला हेवा का वाटतो?' वाटेल काही दिवस. जखम आहे ती. आपण आता तिच्यावर पुन्हा डोकं आपटत नाही ना, एवढं बघायचं. बाकी महिना लागेल. कुणाला एक महिना, कुणाला बरीच वर्षं.

आजचा अभ्यास

आज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वहीत आजच्या दिवसाची मोजणी लिहा: काय मिळालं, काय गेलं, कोण काय बोललं, कशाचा हेवा वाटला. खोटं लिहू नका, नऊच्या नऊ लिहा. सगळं लिहून झालं की वाचा. मग शेवटच्या ओळीखाली बोट ठेवा आणि विचारा, हे सगळं ज्याला कळलं तो या यादीत कुठे आहे?

उत्तर शब्दांत द्यायची घाई करू नका. 'मी आत्मा आहे' असं लगेच लिहूनही टाकू नका, ते पाठ केलेलं उत्तर आहे. फक्त बोट वळू द्या. एखादा क्षण शांत वाटेल, नाहीही वाटणार. उद्या पुन्हा मोजा.

भावाने या वर्षी पुन्हा मेन्स दिली. निकाल अजून यायचाय. गेले काही महिने तो अभ्यासिकेत पोचला की सकाळी सात वाजता मला एक मेसेज टाकतो, 'दहावा हजर.' काही दिवस येत नाही. त्या दिवशी मी समजते, जखम दुखतेय. मग मी मेसेज करत नाही, फोन करते.

हे विठ्ठला, आमची मोजणी रोज चुकते. तू मात्र वाटेने जाताना थांबत जा, आमच्याकडे बोट करत जा. आणि कुणी काठावर रडताना दिसलं तर आम्हालाही थांबायची बुद्धी दे.

उद्या आपण पुन्हा गीतेकडे वळू, दुसऱ्या अध्यायाचा छप्पन्नावा श्लोक. तोवर,

राम कृष्ण हरी!